कुलूपबंद पेटीतला हिशेब

गेल्या पावसाळ्यात माझ्या अकरा वर्षे वापरातल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. गाडी चालत होती. मिसिंग नव्हते, धूर नव्हता, पिकअपही जवळपास पूर्वीसारखाच. पेट्रोल तेवढे थोडे जास्त खात होती, पण हल्ली सगळ्यांच्याच गाड्या तशा खातात, वीस टक्के इथेनॉलचा तो प्रताप, असे सोसायटीतल्या चार जाणत्यांनी परस्पर ठरवून टाकले होते. पुण्यातल्या ज्या गॅरेजात आमच्या घरची गाडी दोन पिढ्या जाते, तिथल्या मिस्त्रीने बॉनेटला हातही लावला नाही. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात त्याने स्कॅनर खोचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला, "लीन दाखवतंय, साहेब, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ट्रिम प्लस चोवीसला गेलाय." याचे वडील माझ्या वडिलांच्या फियाटचा कार्बोरेटर कानाने जुळवत, स्क्रू अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे, मग मान तिरपी करून थोडा वेळ स्तब्ध, आणि समाधान झाले की स्क्रू-ड्रायव्हर मागच्या खिशात.

कानाने जे कळत होते ते आता आकड्यांत वाचावे लागते, एवढाच हा बदल असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण ऐकायला कोणाची परवानगी लागत नसे, वाचायला लागते. इंजिनाचा हिशेब कोणी ठेवायचा, तो कोणाला दाखवायचा आणि ज्या पेटीत तो ठेवला जातो तिची किल्ली कोणाकडे असायची, हा प्रश्न संगणकाच्या, मोटारीच्या, किंबहुना पेट्रोलच्याही आधीचा आहे. आणि तो जेव्हा जेव्हा दुर्लक्षिला गेला तेव्हा तेव्हा किंमत ज्यांनी मोजली ते बहुधा पेटीच्या आसपासही नव्हते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या कथील-तांब्याच्या खाणींत साचणारे पाणी उपसण्यासाठी जेम्स वॉटची वाफेची इंजिने बसू लागली. कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही. तो वेल्समधून समुद्रमार्गे येई आणि महाग पडे. म्हणून वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी जुन्या न्यूकमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या एक तृतीयांशाची किंमत मोबदला म्हणून घ्यायची, असा करार केला. आता बचत मोजायची तर इंजिनाने किती ठोके टाकले हे कळायला हवे. त्यासाठी इंजिनाच्या तुळईवर ठोके मोजणारे एक यंत्र बसवले गेले आणि त्यात कोणी हात घालू नये म्हणून ते पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावले गेले. इंजिन खाणमालकाच्या जागेत, कोळसा खाणमालकाचा, पाणी त्याच्या खाणीचे. पण हिशेब कुलपात. या मोबदल्यावरून पुढे जे कज्जे आणि जो मनस्ताप दोन्ही बाजूंच्या वाट्याला आला, तो १८०० साली वॉटचे पेटंट संपेपर्यंत पुरला. इंजिनाला जोडलेली पहिली बंद पेटी ती हीच, असे मी तरी मानतो.

त्याच काळात, १७८८ मध्ये, लंडनच्या आल्बियन गिरणीत जात्यांच्या नियमनासाठी वापरलेली एक युक्ती बोल्टनच्या नजरेत भरली आणि वॉटने ती इंजिनाला लावली. उभ्या फिरत्या दांड्याला दोन बाजूंनी लटकवलेले दोन धातूचे गोळे: इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप किंचित मिटते; वेग मंदावला की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. हाच गव्हर्नर. वॉटने त्याचे पेटंट घेतले नाही, कारण पवनचक्क्यांच्या कारागिरांना तो आधीपासून ठाऊक होता. कार्याची खबर कारणापर्यंत उलट पोहोचवायची आणि माणसाला त्या वर्तुळातून बाहेर काढायचे, ही कल्पना कोण्या अनामिक चक्कीवाल्याची. पुढे ऐंशी वर्षांनी, १८६८ मध्ये, जेम्स क्लार्क मॅक्सवेलने गव्हर्नरांवर एक निबंध लिहून दाखवून दिले की नियामक नेमला म्हणजे नियमन होतेच असे नाही. तो चुकीच्या प्रमाणात तत्पर असला तर आधी जास्त, मग कमी, मग पुन्हा जास्त असे झोके घेत यंत्राला अधिकच अस्थिर करून सोडतो. हा निष्कर्ष केवळ इंजिनांपुरता खरा आहे असे मानणाऱ्याने सरकारी साखर-निर्यात धोरणाचा गेल्या पंचवीस वर्षांचा आलेख काढून पाहावा.

पण कॉर्नवॉलची गोष्ट वॉटच्या पेटंटपाशी संपत नाही, आणि तिचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका कोणी सांगत नाही. १८११ पासून जोएल लीन या खाण-व्यवस्थापकाने एक मासिक पत्रक काढायला सुरुवात केली. कोणत्या खाणीतल्या कोणत्या इंजिनाने एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचलले, याचे आकडे त्यात इंजिनागणिक, अभियंत्याच्या नावानिशी छापले जात. कुलूप नाही, गुपित नाही. शेजारच्या खाणीचा आकडा आपल्यापेक्षा सरस का, हे कोणीही जाऊन बघावे. दोनेक दशकांत कॉर्नवॉलच्या इंजिनांची सरासरी कामगिरी दुपटीच्या वर गेली, आणि ती एका प्रतिभावंताच्या नव्हे, तर अनेक सामान्य हातांच्या छोट्या छोट्या सुधारणांनी गेली. वॉटचे चरित्र शाळेच्या पुस्तकात येते, किटलीसकट. लीनचे पत्रक येत नाही.

वाफ मागे पडली आणि इंधन सिलिंडरच्या आतच जळू लागले, तेव्हा नियमनाचा प्रश्न वेगापुरता उरला नाही. निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या चार ठोक्यांच्या इंजिनात दर फेऱ्यात दोन निर्णय नव्याने घ्यावे लागतात: हवेत इंधन किती, आणि ठिणगी कधी. कार्ल बेंझने १८८६ मध्ये मोटारीचे पेटंट मिळवले. १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्टा मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टझहाइमला निघाली, तेव्हा तुंबलेली इंधननळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि संपलेले इंधन वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतले. त्या प्रवासातला इंजिन-नियंत्रक म्हणजे बेर्टा बेंझ स्वतः. नंतरची वीस-पंचवीस वर्षे हे काम चालकाच्या हातातच राहिले. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीत स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला ठिणगीची तरफ आणि उजव्या बाजूला थ्रॉटलची, अशी दोन्ही हातांना कामे होती. ठिणगीला तरफ कशाला, तर ज्वाला सिलिंडरभर पसरायला काही क्षण घेते. तो वेळ इंजिन सावकाश फिरो वा जलद, साधारण तेवढाच. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पाडावी लागते, पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या कितीतरी अंश अलीकडे. हा अंदाज चालक आवाजावरून आणि हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून बांधी.

आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी डिस्ट्रिब्युटरला शब्द होता 'डेल्को'. अँबॅसिडर असो, फियाट असो वा जीप, "डेल्को खोलावा लागेल" या वाक्याने गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येई. तो शब्द म्हणजे अमेरिकेतल्या डेटन शहरी १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंगने काढलेल्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे. बॅटरीवरचे प्रज्वलन आणि १९१२ च्या कॅडिलॅकमधला विजेचा स्टार्टर ही त्याची देणगी. फियाटचा तो डेल्को मी लहानपणी उघडा पाहिला आहे: वरची टोपी आणि रोटर काढला, पॉइंटची पाटी उचलली, की खाली तेलकट काळ्या तळाशी दोन चपटी वजने आणि दोन बारीक स्प्रिंगा. दांडा फिरला की वजने बाहेर फाकतात आणि ठिणगी आपोआप आधी पडते. वॉटचे गोळेच ते, दीडशे वर्षांत चपटे होऊन टोपीखाली शिरलेले. चालकाच्या डाव्या हातातली तरफ गेली. तिच्याबरोबर ठिणगी कधी पडते हे त्याला ठाऊक असण्याची गरजही गेली, आणि गरज संपलेले ज्ञान एका पिढीपेक्षा जास्त टिकत नाही.

याच केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजली हा अभियंता इंजिनाच्या ठोकण्याचा, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो त्याचा, इलाज शोधत होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याला तो टेट्राएथिल लेडमध्ये, म्हणजे शिशाच्या एका संयुगात, सापडला. अल्कोहोल मिसळले तरी ठोकणे थांबते हे मिजलीला माहीत होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्यावर मक्ता सांगता येत नाही. शिशावर सांगता आला. बाजारात आणताना त्याचे नाव ठेवले 'एथिल'. शिसे हा शब्द नावातून गळाला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५ मध्ये सरकारी परिषद भरली, तीत ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या वैद्यकतज्ज्ञांनी धोका स्पष्ट सांगितला, आणि तरीही विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची सुमारे चाळीस वर्षे शिशाच्या अपायाचे संशोधन बव्हंशी उद्योगाच्याच पैशावर चालले. रॉबर्ट किहो यांच्या प्रयोगशाळेतून येणारे आकडे हेच आकडे मानले गेले. १९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने बाहेरून मोजले, पृथ्वीचे वय ठरवताना सगळीकडे आडवे येणारे शिसे कुठून येते हे शोधता शोधता, तेव्हा कुलूप मोडले. भारतात शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागायला १ फेब्रुवारी २००० उजाडावे लागले. मोटारींसाठीचे जगातले शेवटचे शिसेयुक्त पेट्रोल अल्जेरियात २०२१ मध्ये बंद झाले. शंभर वर्षे. पेटीत काय होते हे पहिल्या चार वर्षांतच कळले होते.

इंजिनाच्या नियमनात वीज येण्याआधी यांत्रिकीने शेवटची एक मोठी उडी मारून पाहिली. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बीएमडब्ल्यू ८०१ या विमान इंजिनाला तेलाच्या दाबावर चालणारा एक अवजड मेंदूच होता. वैमानिक एकच दांडी हलवी आणि मिश्रण, ठिणगी, पंख्याचा कोन, सुपरचार्जरचा गिअर हे सारे तो यंत्रमेंदू जुळवी. समोरच्या ब्रिटिश मर्लिन इंजिनाला साधा कार्बोरेटर होता आणि विमानाने एकदम खाली नाक खुपसले की ते इंजिन गुदमरे. त्यावर बिॲट्रिस शिलिंग या अभियंतीने १९४१ मध्ये काढलेला तोडगा म्हणजे मधोमध भोक पाडलेली धातूची एक लहानशी चकती. दोन्ही बाजूंनी युद्ध लढले गेले. चकती खिशात मावत होती.

मोटारीत इलेक्ट्रॉनिक्स आणले ते वेगाच्या हौसेने नव्हे, धुराच्या भीतीने. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५७-५८ मध्ये इलेक्ट्रोजेक्टर नावाने विजेवर चालणारे इंधन-इंजेक्शन काही मोजक्या गाड्यांत बसवून पाहिले. सुटे भाग उष्णता-ओलाव्यात टिकेनात, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांना पुढे निमूटपणे कार्बोरेटर लावून देण्यात आले. पेटंटचे हक्क जर्मनीच्या बॉशकडे गेले. दरम्यान लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुक्याचे मूळ मोटारींच्या नळकांड्यांत आहे, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने पन्नाशीच्या दशकात सप्रमाण दाखवले होते. कॅलिफोर्नियाने कायदे कडक केले, आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली आली, पंचवीसएक ट्रान्झिस्टरांची. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने धुरातले मुख्य विषारी घटक पाचएक वर्षांत नव्वद टक्क्यांनी घटवण्याचे फर्मान काढले. ते शक्य नाही, धंदा बुडेल, असे उद्योग एकमुखाने ओरडला. १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाडीत लॅम्डा सेन्सर आला आणि १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत इंधन आणि ठिणगी हे दोन्ही निर्णय एकाच अंकीय पेटीत गेले. मोट्रॉनिक तिचे नाव. आज ज्याला मिस्त्री ईसीएम म्हणतात ती पेटी हीच, फक्त लाखपट चपळ.

ती काय करते? क्रँकच्या दांड्यावर दातेरी चक्र असते, साठ दात्यांच्या जागा आणि त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले. शेजारचा सेन्सर दाते मोजतो आणि गाळलेली जागा आली की पिस्टन नेमका कुठे आहे हे पेटीला कळते. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वेगात क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो, आणि ठिणगी अशाच अंशांच्या हिशेबात पाडायची असते. आत किती हवा जाते हे एक तापलेली बारीक तार किंवा दाबाचा सेन्सर सांगतो. पाणी किती गरम, थ्रॉटल किती उघडे, इंजिन ठोकते आहे का, हे इतर सेन्सर सांगतात. मग पेटी एका कोष्टकात बघते: आडवा वेग, उभा भार, आणि प्रत्येक घरात कारखान्यातल्या अभियंत्यांनी महिनोन्‌महिने चाचण्या करून लिहून ठेवलेला एक आकडा. त्या आकड्याप्रमाणे इंजेक्टर सेकंदाचे काही हजारांश भाग उघडतो. गणित नंतर; आधी पंचांग. एका किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. ते साधले की नाही हे नळकांड्यातला लॅम्डा सेन्सर उरलेल्या प्राणवायूवरून ताडतो आणि त्याचा व्होल्ट दशांश एकपासून दशांश नऊपर्यंत खालीवर उड्या मारतो. पेटी थोडे इंधन वाढवते, मग कमी करते, पुन्हा वाढवते. मॅक्सवेलने ज्याला रोग म्हटले असते तो झोका इथे श्वास झाला आहे, कारण धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हा किंचित चढउतार मानवतो. आणि कोष्टकातला आकडा सतत कमी पडू लागला, तर पेटी स्वतःच त्याला टक्क्यांत पुरवणी जोडते. ही पुरवणी म्हणजे ट्रिम. दोष सुधारणारी ही व्यवस्था दोष झाकतेही, कारण पुरवणीची मर्यादा संपेपर्यंत चालकाला काहीच जाणवत नाही.

जी पेटी इतके काही मोजते, तिला आपली परीक्षा चालू आहे हेही मोजता येते. आणि हे मोजण्याचा मोह पेटी अंकीय होण्याआधीपासूनचा आहे. १९७३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला, की तापमान ओळखणारे स्विच बसवून प्रदूषण-नियंत्रण बाहेरच्या हवेत निष्क्रिय होईल अशी सोय गाड्यांत आहे. १ लाख २० हजार डॉलरवर प्रकरण मिटले. १९९५ मध्ये जनरल मोटर्सच्या सुमारे ४ लाख ७० हजार कॅडिलॅक गाड्यांत आढळले, की वातानुकूलन सुरू केले की पेटी मिश्रण गडद करते, आणि सरकारी चाचणी वातानुकूलन बंद ठेवून होते. साडेचार कोटी डॉलर. १९९८ मध्ये ट्रकची डिझेल इंजिने बनवणाऱ्या सात कंपन्या अशाच कारणाने तडजोडीला आल्या: हमरस्त्यावरच्या एकसुरी वेगात त्यांच्या पेट्या ठिणगीविना जळणाऱ्या डिझेलचे टायमिंग बदलून इंधन वाचवीत आणि नायट्रोजन ऑक्साइड ओकीत. तीन प्रसंग, पंचवीस वर्षे, तोच डाव. आणि प्रत्येक वेळी तो अपवाद म्हणून फायलीत गेला. म्हणून १८ सप्टेंबर २०१५ ला जगाला जो धक्का बसला, त्यातले आश्चर्य मला कधीच पटले नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतली पेटी चाचणीचे रोलर ओळखून तेवढ्यापुरती सज्जन होत होती. रस्त्यावर काही परिस्थितींत नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात होते. जगभरात अशा १ कोटी १० लाख गाड्या. चोरी पकडली ती कोष्टक वाचून नव्हे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लहानशा चमूने गाडीच्या मागे मोजयंत्र बांधून ती खऱ्या रस्त्यावर हिंडवली. त्या चमूत भारतातून शिकायला गेलेले तरुण होते. एक तपशील मात्र विसरता कामा नये: त्याच वर्षीच्या जुलैत, वाहनांतले सॉफ्टवेअर मालकांना उघडून पाहता यावे या मागणीला विरोध करणारे पत्र त्याच पर्यावरण संस्थेने लिहिले होते, कारण लोक छेडछाड करतील आणि प्रदूषण वाढेल. दोन महिन्यांनी कळले की छेडछाड कारखान्यातच होऊन येत होती. ऑक्टोबरात मालकांची ती मागणी मान्य झाली.

आपल्याकडे या इतिहासाची एक शाखा नाशिकमार्गे येते. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीला, म्हणजे मायकोला, नाशिककर अजून त्याच नावाने ओळखतात. सातपूरचा कारखाना नाव बदलून बसला तरी चौक मायको सर्कलच राहिला. ट्रकच्या डिझेल पंपात वॉटची वजने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फिरत होती, आणि पंपावरच्या इंधनमर्यादेच्या स्क्रूला तार ओवून शिशाचे सील ठोकलेले असे. घाटात गाडी ओढत नाही म्हणून ते सील तोडून स्क्रू फिरवणारे मेकॅनिक हमरस्त्यांवर कुठेही सापडत, आणि त्यांच्या कारागिरीचा काळा पुरावा मागून येणाऱ्या एसटीतले प्रवासी नाकात घेत. सील कंपनीचे असो वा मेकॅनिकने तोडलेले, मागच्या प्रवाशाला विचारत कोणीच नाही. पेट्रोल गाड्यांची गोष्ट न्यायालयातून आली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी राजधानी परिसरात युरो-१ आणि युरो-२ मानकांच्या तारखा बांधून दिल्या, आणि कार्बोरेटरला निरोप मिळाला. गाड्यांच्या मागच्या काचेवर इंधन-इंजेक्शनची 'एमपीएफआय' ही अक्षरे मंगलचिन्हासारखी झळकू लागली. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ या प्रदूषण-मानकाने बहुतांश मोटारसायकलींतही पेटी पोहोचवली. फोक्सवॅगन प्रकरणानंतर पुण्याच्या एआरएआय या संस्थेने केलेल्या चाचण्यांच्या पाठोपाठ भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या कंपनीने परत बोलावल्या; आणि २०२३ पासून नव्या गाड्यांचा धूर खऱ्या रस्त्यावर मोजण्याची अट आली. विद्यापीठाच्या त्या चमूने जे केले, ते नियमात यायला, चोरी उघड झाल्यापासून, आठ वर्षे.

आणि मग ऊस. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याचा कायदा आपल्याकडे १९४८ मध्येच झाला होता. तो इतका निपचित पडून राहिला की २००० मध्ये तो रद्द झाला तेव्हा कोणी चुकचुकले नाही. लगेच २००१ मध्ये मिरज आणि मनमाड या दोन डेपोंतून इथेनॉल-मिश्रणाचे प्रयोग सुरू झाले. २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांचे पेट्रोल आले, आणि मिजलीने ज्याला बाजूला सारले होते ते अल्कोहोल शंभर वर्षांनी आमच्या टाकीत परतले. यात माझ्या मते मुळात वावगे काही नाही. ब्राझीलने १९७५ पासून ही वाट तुडवली आणि २००३ मध्ये तिथे आलेल्या फ्लेक्स-फ्युएल गाड्यांत तर लॅम्डा सेन्सरच्या खबरीवरून टाकीत किती टक्के अल्कोहोल आहे हे पेटीच ओळखते. तिथे पंपावर आलेल्या माणसाला अल्कोहोल की पेट्रोल, याची निवड असते आणि दोन्हींचे भाव समोर लावलेले असतात. इथेनॉलला किलोमागे ९ किलो हवा पुरते, पेट्रोलला १४.७, म्हणजे वीस टक्के मिश्रणावर जुन्या पेटीला कोष्टकापेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन सोडावे लागणार, हे अकरावीच्या रसायनशास्त्राचे गणित आहे. मिश्रणासाठी न घडवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेले आहे. तरीही चार वर्षांनी वाद पेटला तेव्हा एका बाजूला "काहीच फरक पडत नाही" आणि दुसऱ्या बाजूला "इंजिने खलास झाली", असे दोन झोके सुरू झाले, आणि ज्या लाखो गाड्यांच्या पेट्यांत दर फेऱ्यागणिक खरा आकडा नोंदला जात होता, त्यांना कोणी विचारले नाही. लीनचे पत्रक छापायला आता छापखानाही लागला नसता.

मिस्त्रीने मात्र विचारले. प्लस चोवीस एकट्या इथेनॉलचे नसतात, हे त्याला ठाऊक होते. त्याने इंजिन आयडलिंगला ठेवले, कार्बोरेटर क्लीनरचा डबा घेतला (कार्बोरेटर गेले, डबा राहिला) आणि हवेच्या नळ्यांवर एकेक फवारा मारत गेला. फिल्टरजवळच्या तारेच्या पुढे, थ्रॉटलच्या पाठीमागे, एका रबरी नळीच्या कोपऱ्यावर फवारा पडताच इंजिनाचा सूर बदलला आणि त्याची मान नकळत तिरपी झाली, वडिलांची व्हायची तशी. नळी काढली तर वाकणाच्या आतल्या बाजूला नखाएवढी चीर. तारेने न मोजलेली हवा तिथून आत शिरत होती, किती महिने कोण जाणे. पेटी मुकाट्याने पुरवणी जोडत राहिली होती आणि इथेनॉलची भर पडल्यावर तिची मर्यादा संपली. दीड वीत नवी नळी, दोन क्लिपा, कोड खोडला, एक फेरफटका मारून आलो. पडद्यावरचा आकडा उतरत उतरत सातवर येऊन थांबला. मी म्हटले, "हे सात अजून कुठून?"

तो वायर गुंडाळत म्हणाला, "ते उसाचे."